पंपवाल्या बाबांची गळाची काठी

ज्यांनी कधी मासा धरला नाही त्यांना मी नुसता बांबू वाटते. ज्यांनी धरलाय ते मला हातात घेताच आधी माझं टोक बघतात. मी गळाची काठी आहे, आणि मला जे काही बोलता येतं ते टोकानं येतं. पाण्याखाली मासा आमिषाला नुसतं तोंड लावून बघतोय, चोखतोय, की गिळून निघालाय, हे मी थरथरून आणि वाकून हाताला कळवते. एवढीच माझी भाषा. पण जे सांगायचं राहून गेलं ते या भाषेत मावणारं नव्हतं, म्हणून आज तुम्हाला शब्दांत सांगतेय.

मला घडवलं एका सुतारानं. टेबलं, खुर्च्या, दारं हा त्याचा धंदा. गळाची काठी त्यानं आयुष्यात एकच केली. त्याचा एक मित्र पंपघरात ऑपरेटर होता. तळ्याच्या काठाला पंपघर, तिथून पाणी उपसायचं आणि गावाच्या टाकीत चढवायचं, हे त्याचं काम. पाळी संपली की हा गृहस्थ काठावर गळ टाकून बसायचा. एका संध्याकाळी तो मोडकी काठी घेऊन सुताराच्या दुकानात आला आणि दोन्ही हात जमतील तेवढे फाकवून म्हणाला, "एवढा होता. काठी मोडून गेला."

"माशाचं राहू दे," सुतार म्हणाला. "काठी केवढी होती ते सांग. ते तरी खरं सांगशील."

त्यानं पिकलेला, नीट वाळलेला बांबू निवडला. त्याच्या लांब पट्ट्या चिरल्या, रंधा मारून काडीएवढ्या बारीक केल्या आणि सरसानं एकमेकींना अशा चिकटवल्या की आत पोकळी म्हणून उरली नाही. दोरा धावायला कड्या बसवल्या, त्या रेशमी दोऱ्यानं घट्ट बांधल्या. बुडाला बुचाची मूठ, मधे पितळी नळीचा सांधा, वरून वॉर्निश. मित्राच्या हातात देताना तो म्हणाला, "ओली ठेवू नकोस आणि भिंतीला टेकवून ठेवू नकोस. ओली राहिली तर सुटेल, टेकवलीस तर वाकडी होईल. बांबूचं माणसासारखंच असतं, एकदा वाकायची सवय लागली की जात नाही."

अशी मी पंपवाल्यांच्या घरी आले. गाव त्यांना पंपवाले म्हणायचं, घरात ते बाबा होते. मीही त्यांना बाबाच म्हणते.

बाबा पाण्यावर गप्प आणि घरी आले की तोंडाचा पट्टा सुरू, अशी त्यांची तऱ्हा होती. जेवताना बोलायचे, चपला घालताना बोलायचे, शेजाऱ्याला रस्त्यात उभं करून बोलायचे. माणूस तसा सरळ, पण माशाच्या लांबीचा विषय निघाला की त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. सोडून दिलेला प्रत्येक मासा त्यांच्या बोलण्यात दर वर्षी वाढत जायचा.

मला मात्र त्यांनी जिवापाड जपलं. पाण्यावरून आले की आधी मला कोरड्या फडक्यानं पुसायचे, मग स्वतःचे पाय. सांधा सोडवताना पिळायचे नाहीत, सरळ ओढायचे. पितळेवर मेणाचा हात फिरवायचे. दोरा गुंडाळायच्या रिळावर थेंबभर तेल सोडायचे आणि त्याची पकड सैल करून ठेवायचे. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवायचे, कारण कडीला बारीक चीर गेली असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचा तंतू धरते. तीच चीर दोरा कापते, आणि मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो. "आपला निष्काळजीपणा त्यानं का भोगायचा," बाबा म्हणायचे.

वर्षात काही आठवडे ते मला हात लावायचे नाहीत. पाणी कोमट व्हायला लागलं की तळ्यातले मासे ओढ्याच्या तोंडाशी जमायचे आणि उथळ पाण्यात अंडी घालायला वर चढायचे. ते दिवस मी बाबांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "बाळंतिणीच्या दारात का कुणी गळ टाकतं?"

बायको लवकर गेली होती. दोन मुलगे. थोरला ट्रक चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. धाकट्याची हमरस्त्यावर खानावळ होती, तो तिथेच मागच्या बाजूला राहायचा. दोघांनाही गळ टाकून बसायचा धीर नव्हता. थोरला दहा मिनिटांत घोरायला लागायचा आणि धाकटा दहा मिनिटांत दगड मारायला लागायचा.

मग थोरल्याची बायको घरात आली. ती पडदे, अभ्रे शिवायची. मशीनवर बसली की सासऱ्यांची सगळी बडबड ऐकायची, पण बोलायची थोडं. एकदा बाबांचा दोरा असा गुंतला की ते कात्री शोधायला लागले. तिनं तो गुंता मांडीवर घेतला आणि न कापता सोडवला. बाबा बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिले.

"उद्या येतेस का तळ्यावर?"

"मी? लोक काय म्हणतील बाबा?"

"लोक म्हणतील, पंपवाल्याला शेवटी कुणीतरी ऐकणारं मिळालं."

असं तिचं शिक्षण सुरू झालं. सूर्य पाठीवर घेऊन बसू नकोस, तुझी सावली तुझ्याआधी पाण्यात पोचते. पाय आपटू नकोस, माशाला काठावरचं पाऊल ऐकू येतं. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाक, मग सोडताना तोंड फाटत नाही. ती विचारायची, "मग सुटून नाही का जाणार?" बाबा म्हणायचे, "दोरा सैल सोडलास तर जाईल. म्हणून तर ताण धरायला शिकायचं." मासा धरण्याआधी हात ओले कर, कोरडा हात त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडून काढतो आणि मग तो सोडूनही मरतो. लहान असेल तर सोड. पोट फुगीर असेल तर सोड. सोडताना फेकू नकोस, पाण्यात धरून ठेव. त्याचं त्याला जावंसं वाटलं की जाईल.

पहिला मासा तिच्या हातून असा निघून गेला तेव्हा ती कितीतरी वेळ ओल्या हातांकडे बघत होती. त्यानंतर घरी कड्यांचे दोरे सैल झाले की तीच ते नव्यानं बांधायची. सुतारापेक्षा तिचं काम सुबक होतं, हे सुतारानंही कबूल केलं असतं.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्हाला चांगले दिवस आले असं मला वाटलं होतं. एका सकाळी ते चहाचा कप उचलायला गेले आणि कप हातातून सुटला. उजवा हात सुटला, उजवा पाय सुटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दवाखान्यातून परत आले ते चाकांच्या खुर्चीत. डोळे तेच होते. समजतही सगळं होतं. पण वाचा गेली होती. आयुष्यभर बोललेल्या त्या सगळ्या शब्दांतून त्यांच्याकडे एकच उरला होता. "बरं."

भूक लागली की बरं. पाय दुखला की बरं. नको असलं तरी बरंच. डॉक्टरांनी सुनेला समजावून सांगितलं होतं की मनात वेगळा शब्द असतो, तोंडातून हाच बाहेर पडतो. ती त्यांच्या डोळ्यांवरून आणि डाव्या हातावरून अर्थ लावायची. तिला बरंच जमायचं. बाकीच्यांना ते एक हसतमुख, सगळ्याला हो म्हणणारं म्हातारं माणूस वाटायला लागलं.

त्यांच्या खुर्चीसमोर मी टांगलेली. ते माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. दोघांचीही अवस्था एकच होती.

त्याच वर्षी पाणी कोमट व्हायला लागलं तेव्हा धाकटा भेटायला आला. त्यानं खानावळ वाढवली होती, बाहेर नवी टेबलं टाकली होती. तो बाबांच्या गुडघ्याशी स्टूल ओढून बसला. सून आत मशीनवर होती, मशीनच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. मी ऐकलं.

"बाबा, गिऱ्हाईक ताजा मासा मागतं हो. ओढ्याच्या तोंडाशी बारीक जाळं लावायचं म्हणतोय. फक्त हे थोडे दिवस. तुमची हरकत नाही ना?"

बाबांचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा फुगल्या. त्यांनी डाव्या हातानं मुलाची बाही घट्ट धरली आणि सगळा जीव गोळा करून म्हणाले, "बरं."

त्यांना स्वतःलाच ते ऐकून धक्का बसला असावा. पुन्हा म्हणाले, आणखी जोरात. "बरं. बरं. बरं."

धाकट्यानं त्यांचा हात बाहीवरून सोडवला आणि मायेनं थोपटला. "मला वाटलंच होतं, तुम्ही नाही म्हणायचा नाहीत." तो वाईट मुलगा नव्हता. पण बापाच्या डोळ्यांत बघायचं त्यानं टाळलं, हे मी खिळ्यावरून पाहिलं. बघितलं असतं तर जाळं लावता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा माझ्याकडे बोट दाखवायला लागले. सुनेला वाटलं, त्यांना तळ्यावर जायचंय.

"आत्ता नाही बाबा. आत्ता ते वर चढतात. तुम्हीच शिकवलंत ना?"

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती पदरानं त्यांचे डोळे पुसायची आणि म्हणायची, "होतील हो हातपाय मोकळे, मग जाऊ." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला तेव्हा एकदा, फक्त एकदा, तोंड हवं होतं.

काही दिवसांनी धाकट्यानं बापासाठी प्रेमानं मासे पाठवले. सून विळी घेऊन साफ करायला बसली. पहिल्या माशाचं पोट चिरलं आणि तिचा हात थांबला. अंड्यांनी गच्च भरलेली गाभोळी बाहेर आली. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही. ती विळी बाजूला ठेवून उठली, हात तसेच घेऊन बाबांच्या खोलीत आली. बाबा, मी आणि ती. तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या बोटाच्या रोखानं माझ्याकडे.

"हे सांगत होता तुम्ही?" ती म्हणाली. "मला कळलं नाही हो बाबा."

सकाळी ती त्यांना खुर्चीत घालून ओढ्यावर घेऊन निघाली. बाबा मला सोडून निघेनात, म्हणून मला जोडून त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली. वाट उंचसखल होती, दर खड्ड्याला माझं टोक हिंदकळायचं. ओढ्याच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत जाळं ताणलेलं होतं. भोकं इतकी बारीक की बोट जाऊ नये. पलीकडे पाणी रटरटत असल्यासारखं हलत होतं. ते मासे होते. खालून येणारे जाळ्याला धडकत होते आणि मागचे त्यांना पुढे रेटत होते. धाकटा दोन माणसांबरोबर टोपल्या भरत होता.

"भाऊजी, काढा ते," सून म्हणाली.

"वहिनी, सकाळी सकाळी काय हे? बाबांना कशाला आणलंत एवढ्या लांब?"

"त्यांच्यासाठीच आलेय. सगळ्या गाभोळीच्या माद्या आहेत. यंदा सगळ्या काढल्यात तर पुढे काय धरणार आहात?"

"मी नाही धरले तर पलीकडच्या काठाचे धरतील. मग मीच का मागे राहू? आणि मी काही चोरून करत नाही. बाबांना विचारून लावलंय."

"भाऊजी, त्यांना दुसरा शब्दच येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे ते."

टोपलीवाली दोन्ही माणसं काम सोडून बघायला लागली होती. त्यांच्यासमोर माघार घेणं त्याच्या जिवावर आलं असणार. तो खुर्चीजवळ आला, वाकला.

"बाबा, तुम्हीच सांगा. जाळं राहू दे ना?"

सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत होते. बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांना आता ठाऊक होतं की तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल. ते इतक्या जोरात ओठ दाबून बसले होते की हनुवटी थरथरत होती. एका माणसानं सहज विचारलं, "बरे आहात ना आजोबा?" आणि बाबांच्या तोंडून तो शब्द सुटला.

दुसरा माणूस हसला. त्याच्या मनात काही वाईट नसावं. पण बाबांनी डाव्या हातानं मला उचललं. तो हात माझ्या ओळखीचा नव्हता, मला पेलायची त्याला सवय नव्हती. त्यांनी मला जाळ्यावर मारलं. एकदा, पुन्हा एकदा, जाळं फाटावं म्हणून. माझं टोक बारीक भोकांत अडकलं. बाबांनी ओढलं, आणि मी मोडले.

फार मोठा आवाज झाला नाही. सुनेनं पुढे होऊन त्यांचा हात धरला. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा, लागलं का?" असं तो दोनदा विचारत होता. जाळं मात्र त्यानं काढलं नाही. माझा टोकाचा तुकडा त्यात लोंबत राहिला.

सून तळ्यातल्या मासेमारीवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयातही जाऊन आली. तिथल्या बाबूनं सांगितलं की नियम आहे, या दिवसांत बंदीच आहे, पण बघायला माणूस नाही. पुढे ओढ्यावर बंदीची एक पाटी लागली. ती लागली तोवर मासे चढायचे दिवस संपले होते.

पुढच्या वर्षी थोडे आले. पलीकडच्या काठाच्या लोकांनीही जाळी आणली होती, धाकटा म्हणाला तसंच. त्याच्या पुढच्या वर्षी पाणी कोमट झालं, सून बाबांना घेऊन ओढ्यावर गेली. मीही होते, बाबांच्या मांडीवर, टोकाविना. आम्ही ऊन चढेपर्यंत थांबलो. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. तळाचा एकेक खडा दिसत होता, आणि एवढं स्वच्छ दिसणंच वाईट होतं. बाबांनी सुनेच्या हातावर आपला डावा हात ठेवला आणि तिनं खुर्ची वळवली.

त्या हिवाळ्यात बाबा गेले. शेवटी शेवटी तो एक शब्दही त्यांनी टाकला होता.

थोरल्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली. घर आवरताना सून मला हातात घेऊन बसली होती. तिनं माझ्या मोडक्या जागी रेशमी दोरा गुंडाळून बघितला, पण टोक काही बांधून उगवत नाही. आणि सुताराचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. तेवढ्यात धाकटा आला.

"वहिनी, ही मला द्याल? बाबांचं म्हणून माझ्याकडे काहीच नाही."

तिनं मला त्याच्या हातात दिलं. "पुसत जा अधूनमधून," एवढंच म्हणाली. ती त्याच्यावर रागावली होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. दमली होती, एवढं खरं.

तेव्हापासून मी खानावळीच्या भिंतीवर आहे. आडवी, दोन स्क्रूंवर. आडवं टांगलं की मधून वाकते, हे इथे कुणाला ठाऊक नाही. रीळ हलू नये म्हणून चिकटवून टाकलंय. स्वयंपाकघरातली वाफ दिवसभर अंगावर येते आणि सरस जागोजाग सुटायला लागलाय. खाली गिऱ्हाइकं जेवतात. मासा लांबून, बर्फात घातलेला, टेम्पोनं येतो. कुणीतरी मान वर करून विचारतं, "या तळ्यातलाच का?" वाढणारा हो म्हणून मुंडी हलवतो.

परवा दुपारी खानावळ रिकामी होती. धाकटा, आता त्याचेही केस पिकलेत, माझ्याखाली खुर्ची ओढून एकटाच बसला होता. आचारी भांडी आवरत होता. धाकटा त्याला म्हणाला, "पूर्वी ओढ्यात इतके मासे चढायचे की पाणी दिसायचं नाही. काय झालं कोण जाणे." आचारी नवीन होता, त्यानं हो म्हटलं. मग धाकट्यानं खिडकीबाहेर बघितलं. "यंदा एकदा जाऊन बघायला पाहिजे," तो म्हणाला. आणि उठून गल्ल्यावर जाऊन बसला.

तो गेला नाही. मला जाता येत नाही.

तळ्यात कुठे खोलात चार-दोन उरले असतील, नसतील. टोक असतं आणि कुणी मला पाण्यावर धरलं असतं तर मी सांगितलं असतं. आता तेही नाही. तुम्ही मात्र चालते-फिरते आहात. तुमच्याही जवळपास कुठला तरी ओढा असेल. पाणी कोमट होऊ लागलं की एखाद्या सकाळी तिकडे जा. गळ नेऊ नका, जाळं नेऊ नका. सावली पाण्यावर पडू न देता लांबूनच बघा. आणि एखादी मादी, पाठ पाण्याबाहेर काढून, दगडांवरून सरपटत वर चढताना दिसलीच, तर कुणाला हाक मारू नका. घरी येऊन कुणाला सांगूही नका. तिला तेवढं वर जाऊ द्या.